खालचा आकडा शून्य का नसतो?

आईचं बीपी रोज सकाळी चहाच्या आधी मोजायचं, ही आमच्याकडची गेल्या काही वर्षांची रीत. आकडे ती स्वतः वहीत लिहिते. वरचा १४६, खालचा ६८. एका सकाळी दंडावरचा पट्टा सोडवता सोडवता ती म्हणाली, "वरचा आकडा हृदय दाबतं तेव्हाचा आणि खालचा ते सैल पडतं तेव्हाचा, बरोबर? मग सैल पडल्यावर खालचा शून्य यायला हवा. मोटर बंद केली की पाइपातली धार थांबतेच की."

"अगं, थोडं प्रेशर राहतंच," असं काहीतरी मी ठोकून दिलं. पण प्रश्न बिनतोड होता. वरचा-खालचा आकडा घराघरात माहीत असतो, कुणाचा किती वाढला यावर लग्नाच्या पंगतीत चर्चा होते, आणि तरी खालचा आकडा मुळात असतोच का, हे विचारायचं कुणाला सुचत नाही.

हृदयाच्या आत डोकावलं तर आईचं म्हणणं अगदी खरं आहे. हृदयाचे कप्पे चार. वरचे दोन अलिंद, खालचे दोन निलय. (आईच्या शाळेच्या पुस्तकात कर्णिका आणि जवनिका होत्या, धमनीला रोहिणी आणि शिरेला नीला म्हणायचे. जुनी नावं जास्त गोड होती, पण इथे नवीच वापरते.) डावं निलय आवळतं तेव्हा त्याच्या आतला दाब १२०च्या आसपास जातो, आणि ते सैल पडलं की तो जवळजवळ शून्यावर येतो. यायलाच हवा. नाहीतर वरच्या अलिंदातलं रक्त खाली उतरणार कसं? म्हणजे हृदयाच्या आत मोजलं असतं तर आईचा हिशेब बरोबर निघाला असता. आपण मोजतो मात्र दंडातल्या धमनीत. हृदय आणि दंड यांच्या मध्ये असं काहीतरी आहे, जे हृदय सैल पडल्यावरही दाब धरून ठेवतं.

ते काय, हे कळायला आधी हृदयाचं रोजचं काम पाहू. मुठीएवढं, अडीचशे ते साडेतीनशे ग्रॅम वजनाचं हे स्नायूचं गाठोडं म्हणजे शेजारी शेजारी चिकटलेले दोन पंप आहेत. शरीरभर फिरून आलेलं, प्राणवायू कमी झालेलं रक्त उजव्या पंपात येतं आणि तो ते फुफ्फुसांकडे ढकलतो. तिथून ताजं होऊन आलेलं रक्त डावा पंप डोक्यापासून पायाच्या अंगठ्यापर्यंत पाठवतो. उजव्याला शेजारच्या घरी जायचंय, डाव्याला गावभर हिंडायचंय. म्हणून उजव्या निलयाचा दाब पंचविसाच्या घरात असतो आणि डाव्याची भिंत उजव्याच्या जवळपास तिप्पट जाड असते. पण दर ठोक्याला दोघं पाठवतात ते रक्त सारखंच, साधारण ७० मिलिलिटर. अर्ध्या पेल्याहून कमी. दोघांचा मेळ बिघडला की लक्षणं लगेच दिसतात. डावा थकला तर रक्त मागे फुफ्फुसांत तुंबतं आणि माणसाला आडवं झालं की धाप लागते. उजवा थकला तर पाय सुजतात.

आवळायची वर्दी हृदयाला बाहेरून यावी लागत नाही. उजव्या अलिंदाच्या भिंतीत पेशींचा एक बारीक पुंजका आहे, तो ठरलेल्या तालाने विजेची लहर सोडतो. लहर आधी अलिंदांवर पसरते, मग दोन मजल्यांच्या मधल्या एका गाठीपाशी सेकंदाचा साधारण दहावा भाग थबकते, आणि मग निलयांत उतरते. ही थबकणूक मुद्दाम ठेवल्यासारखी आहे. अलिंदांनी आपलं रक्त खाली ओतून होईपर्यंत निलयांनी कळ काढायची. इसीजीच्या कागदावर दिसतो तो या लहरीचाच प्रवास.

प्रत्येक पंपाला दोन दारं आहेत, एक आत यायचं आणि एक बाहेर जायचं. दोन्ही एकाच बाजूला उघडणारी. डॉक्टर छातीवर स्टेथोस्कोप लावून जे "लब-डब" ऐकतात, तो या झडपा मिटण्याचा आवाज. निलय आवळायला लागलं की अलिंदाकडची झडप मिटते, तो लब. निलय सैल पडायला लागलं की बाहेर गेलेलं रक्त मागे फिरू पाहतं आणि बाहेरची झडप मिटते, तो डब. मिनिटाला ७५ ठोके धरले तर एका फेऱ्याला ०.८ सेकंद लागतात. त्यातले सुमारे ०.३ सेकंद आवळण्याचे आणि उरलेले ०.५ सेकंद सैल पडून भरून घेण्याचे. म्हणजे निम्म्याहून जास्त वेळ हृदय रक्त पुढे ढकलत नाही.

आणि तरी रक्त वाहतच असतं.

आईचे वडील भजनी मंडळात पेटी वाजवायचे, म्हणून मी तिला पेटीवरूनच सांगायचं ठरवलं. पेटीवाल्याचा डावा हात भाता दाबतो आणि सोडतो, दाबतो आणि सोडतो. हात मागे येताना हवा आत ढकलली जात नाही. मग सूर तेवढ्यापुरता तुटायला हवा. तुटत नाही, कारण पेटीच्या पोटात दुसरा भाता असतो, स्प्रिंगांवर बसवलेला. बाहेरचा भाता दाबला की हवा त्या आतल्या भात्यात शिरते आणि तो स्प्रिंग दाबत फुगतो. हात मागे आला की मधली पट्टी मिटते, हवा परत फिरू शकत नाही, आणि दाबलेल्या स्प्रिंगा ती हळूहळू सुरांकडे सोडत राहतात. हात थांबत थांबत चालतो, सूर सलग लागतो.

शरीरातला हा आतला भाता म्हणजे महाधमनी. डाव्या निलयातून निघणारी, सुरुवातीला अंगठ्याहून जाड अशी ही नळी लोखंडी पाइपासारखी ताठ नाही. तिच्या भिंतीत रबरासारखं ताणलं जाणारं इलास्टिन नावाचं प्रथिन थराथराने भरलेलं आहे. निलयाने ०.३ सेकंदात ७० मिलिलिटर रक्त तिच्यात फेकलं की ते सगळं लगेच पुढे जाऊ शकत नाही, कारण पुढच्या वाटा अरुंद आहेत. मग त्यातलं जवळपास निम्मं रक्त पोटात घेऊन महाधमनी आणि तिच्या जवळच्या मोठ्या शाखा फुगतात. एवढ्यात डब होतो. झडप मिटली, मागची वाट बंद झाली. ताणलेली भिंत आता मूळ जागी येऊ लागते आणि पोटातलं रक्त पुढे रेटते. पुढच्या लबपर्यंतचा अर्धा सेकंद महाधमनीचा. त्या वेळात दाब १२० वरून उतरत उतरत ८० पर्यंत येतो, तेवढ्यात पुढचा ठोका येऊन त्याला पुन्हा वर चढवतो. तो ८० म्हणजे आपला खालचा आकडा. दोन्ही आकडे एकाच भिंतीचे, एक ती पूर्ण ताणलेली असतानाचा आणि दुसरा ती सर्वात सैल झालेली असतानाचा.

हे पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिलं ते स्टीफन हेल्स या इंग्लंडमधल्या एका पाद्र्याने. घोडीला आडवं बांधून त्याने तिच्या धमनीत पितळी नळी घातली आणि तिला जवळजवळ नऊ फुटांची काचेची उभी नळी जोडली. रक्त त्या नळीत ८ फूट ३ इंच चढलं. १७३३ साली त्याने हे छापलं. (बांधून पाडलेल्या घोडीचं बीपी वाढलेलंच असणार, ही माझी पुस्ती.) रक्ताची पातळी दर ठोक्याला काही इंच वर-खाली होत होती. काही इंच, बस. शून्यावर काही येत नव्हती. हेल्सने धमन्यांची तुलना त्या काळच्या आगीच्या बंबातल्या हवेच्या घुमटाशी केली. बंबाचा दांडा वर-खाली होत असताना पाण्याची धार सलग ठेवायचं काम तो घुमट करायचा. पेटी त्याच्या काळी असती तर त्याला बंबापर्यंत जावं लागलं नसतं.

आठ फुटांची नळी घेऊन दवाखाना चालवणं अवघड. पारा पाण्याच्या साडेतेरा पटींहून जड, म्हणून पाऱ्याची नळी वापरली की उंची तेवढ्या पटीने कमी होते. बीपीचे आकडे आजही मिलिमीटर पाऱ्यातच सांगतात. १२० मिलिमीटर पारा म्हणजे पाण्याचा साधारण १.६ मीटर उंच खांब. आईच्या उंचीपेक्षा जास्तच.

दंडावर पट्टा फुगवायची युक्ती इटलीच्या रिवा-रोची याने १८९६ मध्ये आणली, आणि १९०५ मध्ये कोरोत्कोव्ह या रशियन शल्यचिकित्सकाने पट्ट्याखाली स्टेथोस्कोप लावून ऐकायला शिकवलं. पट्टा इतका फुगवायचा की धमनी पूर्ण दाबली जाईल. मग हवा हळूहळू सोडायची. पट्ट्याचा दाब वरच्या आकड्याच्या खाली आला की दर ठोक्याच्या शिखरावर थोडं रक्त निसटतं आणि टक् असा आवाज येतो. हवा सोडत राहिलं की धमनी अधिकाधिक वेळ उघडी राहते, आणि ज्या क्षणी ती अजिबात दबेनाशी होते त्या क्षणी आवाज गायब. तो खालचा आकडा. मोकळ्या धमनीत रक्त आवाज न करता वाहतं, खळखळ होते ती अर्धवट दाबल्यावर. घरातलं यंत्र आवाज ऐकत नाही, पट्ट्यातल्या हवेची थरथर मोजून हिशेब करतं, पण तत्त्व तेच. हात खाली लोंबत ठेवला तर आकडा फुगतो, कारण हृदयापासून खाली दर दहा सेंटिमीटरला सात-आठ मिलिमीटरची भर पडते. मोजताना गप्पा मारल्यानेही तो चढतो. आमच्याकडे दुसरी अडचण मोठी आहे.

या सगळ्यात रक्त गोल फिरतं हे आपण धरूनच चाललो आहोत. पण सुमारे दीड हजार वर्षं युरोपात असं मानलं जायचं की रक्त यकृतात अन्नापासून बनतं आणि शरीरात जिरून जातं, शेतात पाणी जिरावं तसं. ग्रीक वैद्य गॅलेनची ही शिकवण. तिला धक्का बसला तो साध्या गुणाकाराने. विल्यम हार्वीने १६२८ साली छापलेल्या पुस्तकात हिशेब मांडला की एका ठोक्याला बाहेर पडणारं रक्त कितीही कमी धरलं, तरी अर्ध्या तासात जाणारं रक्त अख्ख्या शरीरातल्या रक्तापेक्षा जास्त भरतं. आजचे आकडे घालून पाहा. ७० मिलिलिटर, मिनिटाला ७० ठोके, म्हणजे मिनिटाला जवळजवळ पाच लिटर आणि दिवसाला सात हजार लिटर. दहा हजार लिटरचा पाण्याचा टँकर दीड दिवसाच्या आत रिकामा. एवढं रक्त कुठलं यकृत बनवणार? आणि माणसाच्या अंगात मुळात रक्त आहे पाचेक लिटर. म्हणजे तेच ते फिरत असणार, आणि बसल्या जागी सगळं रक्त साधारण मिनिटाभरात एक फेरा मारत असणार. धमन्यांतून गेलेलं रक्त शिरांमध्ये येतं कुठून, हे हार्वीला दिसलं नाही. तेवढी बारीक भिंगं त्याच्याकडे नव्हती. त्याच्या मृत्यूनंतर चार वर्षांनी, १६६१ मध्ये, माल्पिगीला बेडकाच्या फुफ्फुसात धमन्यांना शिरांशी जोडणाऱ्या अतिबारीक नळ्या, केशवाहिन्या, दिसल्या.

महाधमनीने रेटलेलं रक्त वाटेत कुठे अडतं म्हणून तिला फुगावं लागतं? केशवाहिन्यांच्या अलीकडच्या बारीक धमनिकांपाशी. त्यांच्या भिंतींत स्नायूंची कडी असते, म्हणजे त्या पाटाचं पाणी सोडणाऱ्या-अडवणाऱ्या पाटकऱ्याच्या बाऱ्यांसारख्या आहेत. जेवल्यावर पोटाकडच्या मोकळ्या, धावताना मांड्यांच्या मोकळ्या, थंडीत कातडीच्या बंद. सगळ्यांना एकाच वेळी भरपूर पाणी मिळत नाही. बीपीच्या बऱ्याच गोळ्या या बाऱ्या थोड्या सैल करूनच काम करतात.

बाऱ्यांपलीकडे गेलं की रक्ताचा दाब पस्तिसाच्या आसपास उरतो आणि त्यातली धडधडही जवळजवळ विरते. केशवाहिन्या इतक्या असंख्य की नदी धरणाच्या फुगवट्यात शिरल्यावर जशी मंदावते तसं रक्त मंदावतं, सेकंदाला एक मिलिमीटरहूनही कमी. तांबड्या पेशी दर्शनबारीत उभ्या असल्यासारख्या एकामागे एक, अंग चोरून सरकतात. एका पेशीएवढ्या पातळ भिंतीतून प्राणवायू आणि साखर पलीकडे जातात, कचरा अलीकडे येतो. बाकी सगळा खटाटोप, पंप, झडपा, भाते, हे या एक-दोन सेकंदांसाठी आहे.

तिथून परतीची वाट. हिच्याकडे फार कमी लोकांचं लक्ष जातं. अंगातलं जवळपास दोन तृतीयांश रक्त कुठल्याही क्षणी शिरांमध्ये असतं, आणि शिरांमधला दाब कमी होत होत उजव्या अलिंदाच्या दारात जवळजवळ शून्यावर येतो. आईचा शून्य सापडतो तो इथे. मग पावलातलं रक्त चार फूट वर चढतं कशाने? पायांच्या शिरांमध्ये जागोजाग झडपा आहेत, वरच्या बाजूला उघडणाऱ्या. चालताना पोटरी आवळली की तिच्यातल्या शिरा पिळल्या जातात आणि रक्त एक मजला वर जातं. पोटरी सैल पडली की झडप त्याला खाली येऊ देत नाही. नुसतं स्तब्ध उभं राहिलं तर पावलाजवळच्या शिरांमधला दाब नव्वदापर्यंत जातो, चालायला लागलं की तिसाच्याही खाली उतरतो.

झेंडावंदनाला सावधानमध्ये उभी असलेली पोरं चक्कर येऊन पडतात ती यामुळेच. पोटरी हलायची नाही, उन्हाने कातडीच्या बाऱ्या उघडलेल्या, सकाळी पोटात काही नाही. रक्त पायांत साचतं, हृदयाकडे परत येतं ते कमी, आणि हृदय आलं तेवढंच पाठवू शकतं. मेंदूला रक्त अपुरं पडलं की माणूस कोसळतो आणि आडवा झाल्यावर रक्त आपोआप डोक्याकडे येतं. अशा मुलाला बखोटीला धरून उभं करू पाहणारे मास्तर मी पाहिले आहेत. त्याला झोपू द्यावं, पाय थोडे वर घ्यावेत.

आता हृदयाच्या स्वतःच्या जेवणाचं. कप्प्यांमधून दिवसाला सात हजार लिटर रक्त जातं, पण निलयाच्या जाड भिंतीला त्यातून पोसता येत नाही. तिला स्वतःच्या धमन्या लागतात, आणि त्या महाधमनीच्या अगदी बुडाशी, झडपेच्या लगेच वर निघतात. ब्लॉकेज, स्टेंट, बायपास हे सगळे शब्द या दोन धमन्यांचे आणि त्यांच्या फांद्यांचे. पण डावं निलय आवळतं तेव्हा त्याच्या स्नायूतल्या या फांद्याही पिळल्या जातात. त्यामुळे डाव्या निलयाला रक्त मिळतं ते मुख्यतः सैल पडल्यावर, त्या अर्ध्या सेकंदात. सगळ्या पंगतीला वाढून झालं की वाढपी बसतो तसं. त्या वेळी निलयात दाब नसतो, मग त्याला वाढतं कोण? महाधमनी. म्हणजे खालच्या आकड्यावर हृदय स्वतः जेवतं. ठोके फार वाढले की आवळण्याचा वेळ थोडाच घटतो, जेवायचा वेळ मात्र बराच कापला जातो. अरुंद झालेल्या धमन्या असलेल्या माणसाच्या छातीत जिना चढताना दुखतं, त्यामागे हेही एक कारण आहे.

इथवर आल्यावर आईने वही पुढे केली. जुन्या पानांवर, पन्नाशीच्या आसपासचे दवाखान्यातले आकडे तिने उतरवून ठेवलेत, त्यात खालचा ९२ आहे. आता ६८. "खालचा उतरला, म्हणजे सुधारणाच ना?"

काही गोळ्यांचा गुण असेल. पण बिनगोळ्यांच्या माणसांतही साधारण असंच होतं. पन्नाशीपर्यंत दोन्ही आकडे हळूहळू चढतात, पुढे वरचा चढत राहतो आणि खालचा उतरू लागतो. इलास्टिन बहुतेक सगळं वाढीच्या वयात तयार होतं आणि तेच जन्मभर पुरवावं लागतं. दिवसाला लाखभर वेळा ताणलं जाऊन ते तुटत जातं, त्याची जागा ताठ तंतू घेतात. भाता कडक होतो. कडक भात्यात तेवढंच रक्त फेकायचं तर दाब जास्त चढतो, आणि त्याने पोटात साठवलेलं कमी असल्यामुळे हृदय सैल पडल्यावर दाब जास्त उतरतो. तरुणपणी दोन आकड्यांत चाळीसेकचा फरक असतो. आईचा अठ्ठ्याहत्तर. डाव्या निलयाला प्रत्येक ठोक्याला जास्त जोर लावावा लागतो आणि जेवायला मिळणारा दाब कमी होतो, दोन्ही एकदम. म्हणून या वयात गोळीचा डोस ठरवताना डॉक्टर खालच्या आकड्यावरही डोळा ठेवतात.

"म्हणजे माझ्या पेटीच्या स्प्रिंगा गेल्या म्हण की," आई म्हणाली. "अण्णांच्या पेटीच्या गेल्या होत्या. भाता भराभर मारावा लागायचा, नि सूर तरी हेलकावे खायचा. मग मिरजेहून..."

"आई, बोलू नकोस. पट्टा फुगतोय."